बशीतला छर्रा

पहाटे चारला फायर हॉलचे दिवे लागतात.
हंगामाचा पहिला शनिवार.
बकव्हीटच्या धिरड्यांचा करपट वास,
खुर्च्यांच्या पाठींवर नारिंगी जाकिटं,
आणि तीच थाप, की वीस सालचा तो ससा
मांजराएवढा होता.
दर वर्षी थोडा वाढतो तो. आता कुत्र्याएवढा झालाय.

लेस्टर झायग्लरने माझ्यासाठी खुर्ची ओढली.
एमरीची.
कुणी काही बोललं नाही,
सिरपची बाटली तेवढी माझ्याकडे सरकली.

एकतीस वर्षं मी या हंगामाची दुसरी बाजू केली,
मोरीजवळची.
कातडं मोज्यासारखं उलटं ओढायचं.
रात्रभर मिठाच्या पाण्यात.
मग कांदा, चरबी, जाड लाटलेलं पीठ,
आणि वाढताना प्रत्येक ताटाशेजारी एक रिकामी बशी.
दाताखाली छर्रा आला की
टण्.
"माझा," एमरी म्हणायचा,
लेस्टरने मारलेला असला तरी.
एका टण्‌ला त्याची दाढ गेली, तोही माझाच म्हणाला.
ते छर्रे मी धुऊन जॅमच्या बरणीत टाकत गेले.
का, ते विचारू नका.
एकतीस वर्षांत बरणी अर्धीही भरली नाही.

जुन्या कोळशाच्या खाणीवर आता काटेरी झुडपं आहेत.
दहिवर पडलेलं, गवत पायाखाली पापडासारखं मोडत होतं.
डॉलीचं तोंड पांढरं झालंय,
तिचा पोरगा टग अजून पानांवर भुंकतो.
बंदूक वीस बोअरची, माझ्या सासऱ्यांची,
दस्त्यावर त्यांच्या गालाने पडलेला गुळगुळीत डाग.
माझा गाल तिथे बसत नव्हता.

"सशाच्या मागे धावायचं नसतं, वर्ना.
उठला तिथेच उभी राहा.
गोल फिरून येतोच तो. त्याला दुसरीकडचं काही माहीत नसतं."
हे एमरी भांडी पुसता पुसता सांगायचा,
मी न विचारता,
जसं कुणी हवामान सांगतं.

डॉलीने आवाज दिला.
मग दोघंही. पहिल्यांदा ओढ्याकडे,
मग मोरीच्या पाइपापाशी जरा अडकून,
मग चर्चच्या मागून,
दफनभूमीच्या कुंपणाच्या कडेकडेने.
मी तिकडे बघितलं नाही.
कानांनीच वळण मोजत राहिले:
लांब, लांब, अजून लांब,
आणि मग एकाएकी
जरासं जवळ.

मला वाटलं होतं ससेहोलपट दिसेल.
ससा घाईत नव्हता.
दोन उड्या. थांबला.
एक कान मागे वळवून कुत्र्यांचा हिशोब केला,
पुन्हा दोन उड्या.
माझ्याकडे आला, जसा दूधवाला येतो.

खांद्याला लाथ बसली.
धुरात मला आधी काही कळलं नाही,
मग कळलं, आणि मी "सॉरी" म्हणाले, मोठ्याने,
एका मोकळ्या रानात, कुणाला ते माहीत नाही.

टग नाचला. डॉलीने ससा एकदा हुंगला
आणि पाठ फिरवून बसली,
ट्रकच्या दिशेने तोंड करून.
मी हाक मारली. आली नाही.
उशीर झाला तरी आली नाही.
शेवटी मी तिच्याशेजारी ओल्या गवतात बसले
आणि दोघींनी मिळून ट्रककडे बघितलं.
दार उघडलं नाही.
तेव्हा कुठे ती उठली.

संध्याकाळी फाटकाच्या हुकाला
लेस्टर दोन ससे अडकवून गेला होता, सोललेले.
मी ते फ्रीजरमध्ये ठेवले.
माझा मी शिजवला.
पीठ जाड झालं, मीठ विसरले.
ताट एकच, शेजारी बशी,
सवयीने.

तिसऱ्या घासाला
टण्.

काही म्हणाले नाही.
खिडकीखाली डॉली कान टवकारून उठली,
बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
परत झोपली.

बरणी फडताळात आहे, हात पुरतो.
छर्रा बशीतच आहे अजून,
आज मंगळवार.