साडेसहा नंबर

आधी तिथे कोंबड्यांची उबवणी होती, हे आता कुणी सांगत नाही.
सदतीसच्या पुरानंतर एल्मर श्टाउटने ती कवडीमोलाने घेतली.
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ. ती त्याने रंगवली नाही,
पुसली तर नदीला वाटेल आपण विसरलो, म्हणायचा.
लाकूड मात्र अस्सल मेपलचं. पट्टी न् पट्टी त्याने गुडघ्यांवर बसून ठोकली,
कोपऱ्यांत वळवून, म्हणजे चाकं रेषांना कुठेच आडवी जाऊ नयेत.
बेचाळिसाव्या वर्षी गुडघे गेले.
स्वतः तो एकदाही फिरला नाही.

मी चौदाव्या वर्षी काउंटरला लागले.
तासाला चाळीस सेंट, आणि रूट बिअर हवी तितकी.
माणसं मला चेहऱ्याने नाही, नंबराने आठवतात.
पाद्री हॅकेट: अकरा, मोज्यांना भोकं.
बँकेतला ऑर्विल आठ सांगायचा, लागायचे नऊ.
प्रुइट जुळ्या, पाच आणि पाच, पण एकीचा डावा पाय साडेपाच,
ते फक्त मला ठाऊक.
आणि डेल, दहा. नाडी बांधायला वाकला
तेव्हा मानेवर न्हाव्याकडून सुटलेला केसांचा पुंजका दिसला,
आणि झालं.

शनिवारी ऑर्गनवर इर्मा क्रूम.
तिची पोलका चढली की लाकूड पायाखाली गुणगुणायचं.
सगळं गाव डावीकडे वळायचं, घड्याळाच्या उलट,
वर्षानुवर्षं. इतकं उलटं फिरूनही
खुर्च्यांचा कारखाना बंद पडायचा तेव्हा पडलाच.

सोमवार वेगळा.
सोमवारी मागचं दार उघडायचं, वॉटर स्ट्रीटच्या काळ्या पोरांसाठी.
त्या रात्री ऑर्गन नाही, तबकड्या त्यांनीच आणायच्या,
आणि त्यांचे स्केट्स खालच्या फळीवर,
टाचेला लाल ठिपका.
हिशोबाला सोपं, एल्मर म्हणायचा.
ठिपके मी लावले. माझ्याच नखांच्या रंगाच्या बाटलीतून,
बाटली संपली म्हणून कुरकुरही केली.

व्हर्लीन टिब्स, साडेसहा.
ती उलटी फिरायची, हात मागे गुंफून, डोळे मिटून,
जणू वाट पाठीला पाठ होती.
मी बघत राहायचे आणि सुटे पैसे चुकायचे.
एकदा बूट परत देताना तिने विचारलं, हा ठिपका कसला?
मी म्हटलं, अरुंद पावलांसाठी.
ती हसली नाही.
"माझं पाऊल रुंद आहे," म्हणाली.

चौसष्टला सोमवार संपला. सगळे वार सगळ्यांचे झाले,
निदान दारावरच्या पाटीत.
त्या हिवाळ्यात अर्धं गाव फिरायला आलंच नाही.
व्हर्लीन एकदाच आली, शनिवारी, पुढच्या दाराने.
इर्माने ऑर्गन थांबवला नाही, एवढं श्रेय तिला द्यायला हवं.
तीन फेऱ्या.
मग बूट काउंटरवर ठेवले, नाड्या आत नीट खोचून,
आणि महिन्याभरात ती डेट्रॉइटला गेल्याचं कानावर आलं.

मग आरशांचा गोळा आला. मग तो विकला. विमा महागला.
गळत्या छपराखाली बादल्या ठेवल्या,
पोरं त्यांना वळसा घालायला शिकली, काही तर मुद्दाम जवळून.
शेवटच्या रात्री अकरा जण होते,
त्यांतला एक माझा नातू, बाकावर, फोनमध्ये.

परवा लिलाव झाला.
मेपल लुइव्हिलच्या कुणा हॉटेलवाल्याने घेतलं, टेबलं करणार म्हणे.
गाळाची रेघ कुणी मागितली नाही.
स्केट्स वजनावर गेले.
काटा धरणाऱ्या पोराने एक जोड उलटा केला, अंगठ्याने टाच पुसली.
"आजी, हा लाल ठिपका?"
अरुंद हा शब्द तोंडात तयार होता,
साठ वर्षं तिथेच बसलेला.

मी लावलाय, म्हटलं. काळ्या मुलांचे बूट ओळखू यावेत म्हणून.

तो म्हणाला, अच्छा,
आणि पुढचा जोड उचलला.
सोमवारचे सगळे मिळून ऐंशी पौंड भरले.