निजेल आणि रांधेल

एक किलो तेलाला एकशे एक्केचाळीस ग्रॅम कॉस्टिक,
एवढ्यावर आपलं एकमत होतं, कोकिळा.
पाण्यात सोडा; सोड्यात पाणी कधीच नाही.
आणि तो उकळी फुटल्यासारखा तापला
की पोरांना शेडबाहेर हाकलायचं, यावरही.
पहिल्या वर्षी जर्मनचं पातेलं काळं पडून चाळण झालं
तेव्हा दोघी मिळून सासूबाईंपासून लपवलं.

पुढे वाटा फुटायच्या.

मी दोन्ही कोमट होऊ द्यायची,
बुडाला बाहेरून तळहात लावून बघायची.
शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं, थोडं एरंडेल.
घोटत राहायचं, रवी उचलायची,
पिठल्यावर पळीची रेघ राहते तशी रेघ राहिली
की साच्यात. वर गोणपाट.
आणि सहा आठवडे हात लावायचा नाही.

तू तेच परत चुलीवर चढवायचीस.
पऱ्हाट्यांची मंद आच, पाण्याच्या घमेल्यात पातेलं.
आधी फाटल्या दुधासारखं, मग कडेनं फुगून वर यायचं,
तू पळीनं दाबायचीस, त्याच्याशी भांडायचीस,
मग घोटलेल्या बटाट्यासारखं, मग मेणासारखं.
करंगळीवर कण घेऊन जिभेला.
चावलं नाही, म्हणजे झालं.
दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या बाजारात तुझी पाटी.

"तुना साबन निजेल से, मना रांधेल.
कितला दिन वाट देखशी वं?"

मी दर रविवारी एक वडी तोलायची.
एकशे दहा, एकशे पाच, एकशे एक.
अठ्ठ्याण्णववर काटा थांबला की माझ्या जिवाला बरं वाटायचं.
साच्याला जुन्या कॅलेंडरची पानं लावायचो आपण,
माझ्या गुळगुळीत वड्यांच्या पाठीवर
उलटी एकादशी उमटायची, तांबड्या शाईत.
तुझ्या वड्यांवर काहीच नाही.
खडबडीत, ओबडधोबड, मुरमाच्या रस्त्यासारख्या.
वाण्याची सून परत घेऊन आली होती एक:
मोरीत राहिला, विरघळून गेला.
मी मान खाली घालून हसले.
तू पाहिलंस.

मग तो मे.
पत्र्याखाली सेहेचाळीस, आणि मी म्हणतेय थंड पद्धत!
दुपारी गोणपाट उचललं तर
साचा आपणहून पेटलेला आतून,
मधोमध भेग, भेगेतून तेल बाहेर.
काडी कुणीच लावली नव्हती.
तू काही बोलली नाहीस.
किसणीवर सगळा किसलास, पऱ्हाट्या ओढल्यास,
दोन तासांत माझ्या हट्टाच्या चाळीस वड्या,
दिसायला वाईट, पण धडधाकट.
त्या मी विकल्या नाहीत.
आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही.
तुला कळेना, कशासाठी.
मलाही नीट सांगता आलं नसतं.

आता तू उधन्याला, भाऊजींच्या लूमच्या मागं एका खोलीत.
परवा फोनवर म्हणालीस,
"अठेना साबनले वासच नही.
धाड ना, निजेल बी चाली, रांधेल बी."
मागे मशीन इतकं खडखडत होतं
की मला वाटलं तू हसलीस.
लक्झरीच्या क्लीनरकडे डबा दिला,
पाच वड्या माझ्या,
आणि त्या मेमधली शेवटची एक,
एवढी वर्षं फडताळात कोपऱ्याला होती,
दगडासारखी कडक, पिवळसर, अजून वास धरून.
तिचं वजन केलं नाही.

काल पहिल्यांदा एकटीनं पऱ्हाट्या पेटवल्या.
कडेनं फुगून वर आलं तेव्हा पळी सापडेना,
लाटण्यानंच दाबलं.
करंगळीवर कण घेतला, डोळे मिटले,
जिभेला लावला.
चावला.

ठेवलं अजून थोडा वेळ.