रिकामा निरोप

उद्यमनगरात, भूपाल मगदुमांच्या लेथच्या डोक्यावर
आमची एक खोली.
खाली दिवसभर बिडाचा कीस उडतो,
वर आम्ही डेअरीच्या वजनकाट्यांना
बिनवायरचं बोलायला शिकवतो.

काटा पहिला हुकूम ऐकतो.
रीसेट.
झालं, म्हणतो, आणि मग बसतो
रुसलेल्या जावयासारखा.
दोन सेकंदांनी लॉगमध्ये तीच ओळ:
कमांड टाइमआउट.

वडणग्याहून दस्तगीरचा फोन, पहाटे पाचला.
"ताई, बायका किटल्या घेऊन उभ्या हायत,
तुमचं यंत्र मुकं झालंय. वहीत लिवू का?"
लिही, म्हटलं.
वहीला कुणाची परवानगी लागत नाही.

इथे लागते. चिप दर उत्तरासोबत
एक आकडा देते, अजून किती हुकूम पेलतील त्याचा.
एक म्हणाली तर एक पाठवायचा.
शून्य म्हणाली तर थांबायचं,
पुढचा आकडा येईपर्यंत.
रीसेटनंतर ती शून्य म्हणाली होती.
आमचा ड्रायव्हर गुणी पोर,
अजून दारातच उभा.

तीन रात्री मी काय काय केलं.
दोन सेकंदांचे दहा केले.
रांग मोठी केली, पुन्हा लहान केली.
चिप बदलली. शेजारच्या वेल्डिंगवर आळ घेतला.
सन्मती डेटाशीटची चिनी पानं
मोबाईलच्या कॅमेऱ्याखाली धरून वाचत बसला,
एका ठिकाणी भाषांतर आलं:
"कृपया पाहुण्याने धीर धरावा."
हसलो, आणि गंगावेशीत जाऊन
म्हशीच्या अंगाखालची धार प्यायलो,
ओठांवर फेस, डोळ्यांत झोप.

चौथ्या रात्री ड्रायव्हरला विचारणं सोडलं.
थेट तारेला चिमटे लावले
आणि बाइट वाचत गेले एकेक.

चिप गप्प नव्हती.
शून्यानंतर थोड्याच वेळात तिनं पाठवलं होतं
०४ ०ई ०३ ०१ ०० ००

शेवटची दोन शून्यं म्हणजे
हे कुठल्याच हुकमाचं उत्तर नाही.
यात बातमी नाही, चूक नाही, माहिती नाही.
फक्त अलीकडचा तो ०१:
पाठव आता एक.

आणि ड्रायव्हरच्या दाराशीच लिहिलेलं,
हुकमाचा क्रमांक शून्य असेल तर मागे फिर.
वर शेरा: रिकामा निरोप, दुर्लक्ष करा.

कुणी लिहिलं हे?
गिटला ब्लेम विचारला.
नाव माझं.
तारीख पुरातली.

त्या आठवड्यात पूल बंद होता.
आत्या आंबेवाडीत, स्लॅबवर,
सात घरांत मिळून एक जिवंत फोन.
चार्ज पुरवायचा म्हणून ठरलं होतं
रात्री एकच रिंग द्यायची. मी उचलायची नाही.
एक रिंग म्हणजे, आहोत.
ती वाजेपर्यंत मी इथेच बसायचे
मगदुमांच्या जनरेटरवर,
आणि जागं राहायला कोड लिहायचे.
एकदा पावणेतीन वाजले होते.

ही ओळ त्या रात्रीची का, ते तपासता आलं असतं.
तारखेपुढे वेळही होती.
मी स्क्रीन वर सरकवली.

दुरुस्ती तीन ओळींची.
आधी आकडा उचलून ठेव,
उत्तर कुणाचं ते मग बघ.
सन्मतीनं दहा हजार हुकूम सोडले,
सगळे गेले, एकामागून एक.
"शेरा काय टाकू?" त्यानं विचारलं.
म्हटलं, लिही:
हा निरोप रिकामाच असतो. टाकून देऊ नये.

पाचला दस्तगीर.
"बोलायलंय की ताई काटा, झ्याक!
पण फॅट दोन पॉइंट कमी दावतोय,
बायका माझ्याशी भांडायल्यात."

ते वेगळं, म्हटलं.
ते झोपून उठल्यावर.