रांग

लोडवारच्या शाळेची दक्षिणेकडची भिंत,
दोन दिवसांची मजुरी, रंग माझा.
हेडमास्तर लोमुरियांनी पुस्तकातलं पान फाडून दिलं:
डावीकडे माकड, उजवीकडे माणूस,
मधे चौघे, एकेक पायरीनं ताठ होत गेलेले.
'हुबेहूब काढ, एवोई. परीक्षेत येतं.'

मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा.
साबणाची वडी, सायकलचं चाक, बकऱ्याचं मुंडकं,
यात माझा हात धरणारा कुणी नाही.
पण कणा असा हळूहळू सरळ करत न्यायचा
म्हणजे सहा वेळा तोच गडी काढायचा
आणि सहा वेळा त्याला वेगळा म्हणायचं.

तिसऱ्याचा गुडघा चालू होता, तेव्हा नाकिरू आली.
सरोवराच्या पलीकडे हाडं शोधणाऱ्यांकडे
ती सतरा वर्षं चाळणी धरते.
नखांत कायमची राखाडी माती.
बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
'मदतीच्या मक्याची आहे का रांग?'

मी हसलो. ती नाही.
'पुढं काय वाटतायत,
की सगळे एकाच दिशेला बघतायत?
आणि या शेवटच्याला कुणी सांगितलं
की तो शेवटचा आहे?'

म्हटलं, माकडाचा माणूस झाला
हे तर शेंबडं पोरही सांगेल.
'तुझ्या शेळ्या तुझ्या चुलत्याच्या शेळ्यांपासून झाल्या?'
'छे. दोघांच्याही, आजाच्या त्या काळ्या कानाच्या शेळीपासून.'
'ती कुठाय?'
'मेली. कधीच.'
'मग चुलत्याचा कळप अजून चरतोय
म्हणून तुझा कळप खोटा?'

ब्रशवरचा तपकिरी रंग माझ्या पायावर ठिबकत होता.

ती भिंतीच्या सावलीत बसली.
बोटानं धुळीत नदी काढली, आमचीच, केरिओ:
पूर आला की एकीच्या सात होतात,
तीन वाळूत जिरतात,
दोन लांबचा वळसा घेऊन पुन्हा येऊन मिळतात.
'जिरली ती काय हरली?
पाणी होतं तोवर तिच्यावरही जनावरं यायची.'

मग त्या दाढेबद्दल बोलली.
तिच्याच चाळणीत राहिलेली, मक्याच्या दाण्याएवढी.
रेडिओवाला विचारत आला, हरवलेला दुवा सापडला का?
'हरवला कुणाचा? ती तर पडली तिथंच होती.'
साहेब म्हणाले, आपला पूर्वज असेल, नसेलही,
शेजारच्या घरचा असेल, ज्याच्या मागं कुणी उरलं नाही.
'पण एवोई, दाढ झिजून सपाट झाली होती.
म्हणजे कुणीतरी म्हातारं झालं होतं.
म्हाताऱ्याला कंद कुणीतरी आणून देत असेल, कोण जाणे.
माणूस व्हायला निघालेलं नव्हतं ते.
जेवायला बसलेलं होतं.'

ती गेली. मी कंदील लावला.
तिसऱ्याला रांगेतून काढून खाली बसवलं,
हातात कंद दिला.
चौथ्याची मान वळवली.
माकडाला झाडावर परत पाठवलं, पिल्लासकट,
त्याचं तिथं बरं चाललं होतं.
उरलेल्यांच्या मधे मोकळी भिंत सोडली,
कोरड्या ओढ्यांसारखी, फाटे फुटलेली.

सकाळी लोमुरिया बघत उभे राहिले.
ओरडले नाहीत. ओरडते तर बरं.
'छान आहे,' म्हणाले, 'पण परीक्षेत हे येत नाही.'
अर्धी मजुरी कापली, चुन्याची बादली दिली.
संध्याकाळपर्यंत रांग पुन्हा उभी,
हुबेहूब, ताठ, पुढच्याच्या पाठीकडे बघत.

चुना मात्र पातळ होता.
ऊन तिरपं झालं की खालचा तपकिरी वर येतो.
पोरांना जागा सापडली आहे, पाण्याच्या टाकीजवळची,
तिथून एकच जण दिसतो,
रांगेच्या पायांमागं बसलेला, खात असलेला.
पोरं त्याला हात करतात.
नावही ठेवलंय.
आजोबा नाही.
चुलता.