खजुरांची मोजदाद

अबू अल-खसीब, १९२०

चुन्याचं डबडं, कुंचला, मस्टर.
दर झाडाला आकडा, दर आकड्याला कर.
साहेब तंबूत. ऊन माझ्या वाट्याला.

चारशे बारावर जासिब आडवा आला.
"हे गेल्या पुरात उन्मळलंय.
मेल्याचाही कर?"
दुभाष्यानं निम्मंच सांगितलं,
उरलेलं मला कळलं आपोआप.

रेवदंड्याला आमच्या माडांवरही असेच आकडे होते.
आजा भंडारी. ताडीचा कर भरता भरता
कोयतासुद्धा गहाण पडला त्याचा,
आणि आकडा घालणारा कारकून
म्हणे आमच्याच दारात पाणी मागून प्यायला.

जासिबच्या सुनेनं मला ताक दिलं.
मी प्यालो.
आकडा घातला.

सकाळी बागेत पाहतो तर
सगळी खोडं खरवडलेली,
एकूण एक, हात पोचेल तिथवर.
घरात बायका, पोरं. जासिब नाही.
खुंटीवरची बंदूकही नाही.
वरच्या अंगाला, फुरातकाठी, रूळ उखडलेत म्हणे.

साहेब ओरडला, पुन्हा मोज.
एक, म्हटलं मी,
आणि कुंचला धुवायला पाटाशी बसलो.
आखाताची भरती आत शिरत होती.
बराच वेळ धुतला.