चार ढेपा गूळ

वहीत मी लिहिलं होतं:
चुना भाजका, ऐंशी पोती.
नदीची वाळू, दोन ट्रॅक्टर, चाळलेली.
हिरडा एक पोतं. गूळ अठरा ढेपा, संकेश्वरचा.
नव्या फादरनी विचारलं, टीचर, भिंतीला गूळ?
मौलासाब नदाफ चुन्याच्या कुंडातून वर न बघता म्हणाला,
"गोड खाल्ल्याबिगर पकडत नाही वो हा."

त्याआधी तीन आठवडे तो नुसता खरवडत होता.
माझ्या लग्नाच्या वर्षी गावानं हौसेनं थापलेलं सिमेंट.
आतला जांभा निघाला ओला, काळपट,
ताप उतरताना पोराची पाठ लागते तसा हाताला.
"हिला श्वास घेऊ द्या," म्हणाला,
आणि पंधरा दिवस खिळासुद्धा मारू दिला नाही.
डोळ्यांचं शिबीर तेवढ्यातच आलं.
अक्षरांचा तक्ता कैताननं छातीशी धरला
सकाळी नऊपासून तीनपर्यंत.
वर कन्नड, खाली मराठी;
ज्याला दिसलं नाही त्याला दोन्ही दिसलं नाही.

घंटेची तुळई वाळवीनं खाल्लेली.
कल्लाप्पा बडिगेरनं नख लावलं तर भुगा.
घंटा उतरवून फणसाखाली ठेवली, तोंड खाली.
तिला कामं तीन: मिस्सा, मयत,
आणि भात मळणीला आलं की
रानातून उतरणारे हत्ती.
पहिल्या दोन कामांना बावीस घरं आमची.
तिसऱ्याला सगळं गाव,
वरच्या वाडीवरचे धनगर, पलीकडच्या वस्तीतले सिद्दीसुद्धा.

तो आला मंगळवारी. एकटाच.
कैतान उठून धावला, हातोडा घेतला,
फणसाखाली बसलेल्या घंटेवर घातला.
ठप्प.
परत घातला. ठप्प.
जमिनीला टेकलेली घंटा बोलत नाही.
चौतीस वर्षं शाळेत शिकवलं मी,
हे मला माहीत नव्हतं.

मग कुंडाशेजारी झोपलेला मौलासाब उठला,
घमेलं उचललं, थापीनं बडवायला लागला.
असला बेसूर आवाज मी जन्मात ऐकला नाही.
कुत्री, बॅटऱ्या, फटाके, कुणाचा तरी ट्रॅक्टर.
त्याला घाई नव्हती.
सॅक्रिस्टीच्या पडवीत उभा राहून
चार ढेपा खाल्ल्या, गोणपाटासकट,
आणि जाताना ओसरीच्या ओल्या चुन्यात
एकच पाय ठेवून गेला.

सकाळी सगळे त्या पावलाभोवती.
परातीएवढं. बोटांची नखं स्पष्ट.
भरून टाका, लुईजा म्हणाली, देवाचं घर आहे.
फादरनी फोटो काढला, मग दुसरा काढला.
कल्लाप्पा काही बोलला नाही,
दुपारी बघते तर कडेला जास्वंदीचं एक फूल.
मौलासाबनं बोट फिरवलं.
"कड सुकलीया. आता भरलं तर
पुढच्या साली नेमकं इथंच फुटंल."
त्यावर कुणाला बोलता आलं नाही.

घंटा चढली सागाच्या नव्या तुळईवर, पंधरवड्यानं.
फादरनी विकारांना बोलावून आशीर्वादाचा दिवस ठरवला होता.
त्याच्या दोन रात्री आधी वाजली ती,
तीन-तीन ठोके, घाईचे,
आणि वाडीवरनं शिट्टी आली, ऐकलं म्हणून.
आशीर्वाद नंतर झाला. केक होता.

आता रविवारी पोरं त्या पावलात चपला काढतात.
सात जोड मावतात. कधी आठ.

कॅम्पातल्या ऑफिसातला हिशेबनीस मात्र शहाणा माणूस.
अठरा आल्या, चौदा भिंतीत. चार?
मी पेन काढून समोरच लिहिलं: हत्ती.
त्यानं चष्मा कपाळावर ढकलला.
पावती?
आहे की, म्हटलं, पण इकडं आणता येणार नाही.
खानापूरहून दीडची बस आहे. या.
येताना जुन्या चपला घालून या.