रकाना क्रमांक नऊ

दिवाळीची सुट्टी संपली की आम्हाला
पिशवीत फॉर्म, शाईची बाटली आणि एक शिक्का देऊन
शाळेबाहेर काढतात.
शब्द दिलेला असतो : शाळाबाह्य.
तो शोधायचा. सापडला की त्याच्या डाव्या करंगळीला शाई,
म्हणजे उद्या दुसऱ्या बाईंनी
पुन्हा मोजायला नको.

घणसोली, खाडीकडची बाजू.
पत्र्यांच्या पहिल्या ओळीत तोहिदुलची आई, माल्द्याची.
इस्कुल? म्हणाली, आणि बोट केलं पूर्वेला,
इतक्या लांब, की माझी नजर मधेच दमली.
नाव तिथे आहे अजून, असं म्हणायचं असावं.
नाव तिथे, मुलगा इथे.
फॉर्ममध्ये याला जागा नाही.

ऑगस्टच्या प्रशिक्षणात ठाण्याहून एक साहेब आलेले.
पडद्यावर दाखवलं त्यांनी :
स्कूल हा शब्द मुळात ग्रीकांचा, अर्थ फुरसत.
पाटणकर बाई इतक्या हसल्या
की चहा लवंडला पोषण आहाराच्या वहीवर.
साहेबांना वाटलं, विनोद पोचला.

आपल्या शब्दात फुरसत नाही.
नुसतं छप्पर आहे.
गोशाळा, धर्मशाळा, पडसाळ, टांकसाळ,
चार खांब आणि वर काहीतरी.
खाली कोण बसलंय, हे शब्दाने कधी विचारलेलं नाही.
आठवी ब मध्ये तर शाळा करणं म्हणजे फसवणं.
मी एकदा रागावले.
मग सोडून दिलं.

शेवटच्या खोपटात यादम्मा.
दहाची, किंवा बाराची. कडेवर भाऊ. पालमूरकडची.
शाळा? विचारलं. स्कूल? इस्कूल?
माझ्याकडचे शब्द संपले.
बांबूवरून एक पोरगा ओरडला : बडि!
मला वाटलं मोठी बहीण असेल,
तिचं नाव लिहायला मी पेन उघडलं.
तेव्हा यादम्माच हसली. बडि, म्हणाली, बडि,
आणि भाऊ सावरत हात केला
समोरच्या सात मजल्यांकडे.
हिरव्या जाळीत गुंडाळलेले,
पुढे फलक, फलकावर पृथ्वीचा निळा गोळा
आणि टाय लावून हसणारी मुलं.

तिकडे जातेस?
पोरगा खाली उतरला, त्याने तेलुगूत विचारलं.
तिने मान डोलावली. रोज.
आठ ते पाच. रविवारी अर्धा दिवस.
वाळू, कधी विटा.

रकाना क्रमांक नऊ :
शाळेत जाते / जात नाही. योग्य तिथे खूण करा.

मी शाई काढली.
तिला लावली तर भाऊ रडायला लागला, त्यालाही हवी.
त्यालाही लावली. दीड वर्षाचा आहे,
नियमात बसत नाही.

परतले तेव्हा गुणाबाई मढवी फाटकाला कुलूप लावत होत्या.
शिपाई आहेत. ही जमीन त्यांच्या सासऱ्याची,
सिडकोच्या आधी इथे भात व्हायचा.
त्यांच्या तोंडात ळ नाही.
साल गेली, शाला आली, असं त्या म्हणतात,
आणि मला दर वेळी वर्ष गेल्यासारखं वाटतं.

नवी होते तेव्हा मी सुधारायचे :
शाळा म्हणा मावशी, शाळा.
मग एकदा कोश उघडला काही वेगळंच पाहायला,
तर तिथे संस्कृतात, ठळक अक्षरात,
शाला.
ळ आपण मागाहून आणलेला.
जाऊन सांगितलं त्यांना. त्या झाडत होत्या, थांबल्या नाहीत.
"मंग येवरी वरसा मना कला सुदरवीत व्हतीस?"

आज काही बोलल्या नाहीत.
किल्ली माझ्या हातात ठेवताना
माझी करंगळी धरली, उलटसुलट करून पाहिली.
बाटलीचं झाकण सैल असणार.

"तुला पन लावली?"